रंग ओळखता आले नाहीत म्हणून चित्रकला सुटली, त्याच लक्ष्मणरावांनी माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली

पुण्याहून रेल्वेने कोल्हापूरला निघालात की कराड मागे पडतं, ताकारी येतं आणि मग एक स्टेशन लागतं. किर्लोस्करवाडी. गाडी तिथे फार वेळ थांबत नाही. खिडकीतून कारखान्याच्या शेड दिसतात, झाडी दिसते आणि गाडी सांगलीच्या दिशेने पुढे निघते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आधी गाव असतं, मग तिथे स्टेशन होतं आणि जमलं तर एखादा कारखाना येतो. इथे क्रम उलटा आहे. इथे आधी स्टेशन होतं आणि त्याचं नाव होतं कुंडल रोड. शेजारी होता निवडुंगाने भरलेला माळ. मग कारखाना आला, कारखान्यामुळे गाव वसलं आणि शेवटी स्टेशनलाही गावाचं नाव मिळालं.

हे सगळं ज्या माणसामुळे झालं त्याचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. आपल्याकडे पंपावर, इंजिनावर, मोटरीवर हे आडनाव इतक्या वेळा वाचलंय, की त्यामागे एक माणूस होता हे विसरायला होतं. त्याला चित्रकार व्हायचं होतं, आपण बनवलेला माल त्याला दोन वर्षं विकता आला नव्हता आणि चाळिशीत बिऱ्हाड उचलून त्याला नव्याने सुरुवात करावी लागली होती.

आज टेक्नॉलॉजीचा धंदा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लॅपटॉप, ॲप आणि फंडिंग येतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी लोखंडी नांगर हीच टेक्नॉलॉजी होती. आणि ती विकताना आलेले प्रश्न आजच्या पोरांना येतात तेच होते. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

वेदांत जाणणाऱ्या घरातला मुलगा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य शिल्पकार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही याच गावचा. म्हणजे एकाच छोट्या गावाने महाराष्ट्राला नाटकही दिलं आणि नांगरही दिला.

वडील काशिनाथपंत वेदांताचे जाणकार. अशा घरातल्या मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची साधी अपेक्षा. लक्ष्मणरावांचं मन मात्र शाळेत रमत नव्हतं. त्यांना दोनच गोष्टींचं वेड होतं. एक चित्रं काढणं आणि दुसरं, हाताला लागेल ती वस्तू उघडून आत काय आहे ते बघणं.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायचं त्यांनी ठरवलं. वडिलांना ते पटलं नाही. चित्रं काढून पोट भरतं, यावर त्या काळी कोण विश्वास ठेवणार? तेव्हा मदतीला आले थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे सगळ्यांचे रामूअण्णा. धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च त्यांनी उचलला. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला पोहोचले.

हे रामूअण्णा लक्षात ठेवा. या गोष्टीत ते सतत येत राहतात. किर्लोस्कर ब्रदर्स या नावातला दुसरा भाऊ तो हाच.

डोळ्यांनीच दगा दिला

जे. जे. मध्ये दोनेक वर्षं गेली आणि एक गोष्ट लक्षात आली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरक नीट कळत नव्हता. म्हणजे अंशतः रंगांधळेपणा होता.

चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाच्या बाबतीत यापेक्षा वाईट काय असू शकतं? मेहनत कमी पडली असती तर वाढवता आली असती. पैसे कमी पडले असते तर भावाकडे मागता आले असते. इथे अडचण डोळ्यांत होती आणि तिच्यावर इलाज नव्हता.

पण रेषेला रंग लागत नाही. यंत्रांची रेखाटनं, म्हणजेच मेकॅनिकल ड्रॉइंग, काळ्या रेषांतच काढायची असतात. तिथे मोजमाप अचूक हवं आणि हात स्थिर हवा. हे दोन्ही लक्ष्मणरावांकडे होतं. त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखाटन धरलं.

त्याच सुमारास मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं होतं. आज आपण त्याला व्हीजेटीआय म्हणतो. आज ते माटुंग्याला आहे, तेव्हा भायखळ्याला होतं. तिथे लक्ष्मणरावांना साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये.

शिकवता शिकवता शिकले

लक्ष्मणरावांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. पण आता ते रोज यंत्रांच्या सहवासात होते. वर्गात रेखाटन शिकवायचं आणि बाकीच्या वेळात वर्कशॉपमध्ये जाऊन ते यंत्र प्रत्यक्ष कसं चालतं ते बघायचं, असा त्यांचा क्रम झाला. कागदावर काढलेला पट्टा, चाक, दांडा समोर फिरताना दिसू लागला.

जोडीला वाचन होतं. अमेरिकेहून येणारी यंत्रविषयक मासिकं ते नियमाने वाचत. शाळेत मन न लागलेल्या माणसाने इंग्रजी तांत्रिक मासिकं वाचून आपलं शिक्षण पुरं केलं. आज आपण यूट्यूबवर बघून शिकतो, तसंच काहीसं. फरक इतकाच, की त्यांना पुढचा अंक बोटीने येईपर्यंत वाट बघायला लागायची.

म्हणजे पूर्णवेळ धंद्यात उतरण्याआधीची जवळपास दहा वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये, पगार घेत, शिकण्यात घालवली. आपल्याकडे नोकरीला लाथ मारून धंद्यात उडी घेतलेल्यांच्या गोष्टी फार चवीने सांगितल्या जातात. लक्ष्मणरावांनी उडी घेतली, पण पोहायला शिकून.

आधी सायकली विकल्या

मुंबईत त्या काळी सायकल ही नवलाची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी ती पाहिली आणि त्यात त्यांना धंदा दिसला. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या. रामूअण्णा त्या तिथे विकणार. दुकानावर नाव लागलं किर्लोस्कर ब्रदर्स. साल १८८८. आजही हा उद्योगसमूह आपली सुरुवात याच सालापासून मोजतो.

तेव्हाची सायकल ७०० ते १००० रुपयांना जायची. लक्ष्मणरावांचा वर्षाचा पगार होता ५४० रुपये. म्हणजे मास्तर वर्षभर उपाशी राहिला असता तरी त्याला स्वतःच विकत असलेली सायकल परवडली नसती. गिऱ्हाईक होतं ते साहेब लोक, वकील, सरदार असं.

यात आणखी एक गंमत होती. सायकल विकत घेणाऱ्याला ती चालवता यायची नाही. मग सायकल शिकवायचे १५ रुपये वेगळे. नवी वस्तू विकायची असेल तर ती वापरायला शिकवणं हाही त्या धंद्याचाच भाग असतो, हे किर्लोस्करांना इथेच कळलं. नांगराच्या वेळी हाच धडा पुन्हा गिरवायला लागणार होता.

इकडे मुंबईत नोकरी चालूच होती. वर्षं गेली आणि बढतीची वेळ आली. कामाचा अनुभव लक्ष्मणरावांकडे होता. पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांना कळून चुकलं, की इथे आपल्या डोक्यावर एक छप्पर आहे आणि ते कामाने फुटणारं नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

कडबा कुट्टी आणि मग नांगर

बेळगावात सायकलींच्या विक्रीला दुरुस्तीची जोड मिळाली. दुरुस्ती म्हटलं की हत्यारं आली. हत्यारं आली की छोटी यंत्रं आली. बघता बघता दुकानाचं वर्कशॉप झालं. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड नावाचा रस्ता आहे.

पण लक्ष्मणरावांच्या डोक्यात वेगळंच होतं. सायकल मूठभर लोकांची वस्तू. आजूबाजूला बघितलं तर सगळा मुलूख शेतीचा. हजारो शेतकरी आणि त्यांची अवजारं मात्र बापजाद्यांच्या काळातली. यंत्राची खरी गरज तिथे होती.

पहिलं यंत्र त्यांनी निवडलं ते कडबा कापण्याचं. आपण त्याला कडबा कुट्टी म्हणतो. ज्वारीचा अख्खा कडबा जनावरापुढे टाकला तर ते पानं खातं आणि जाड धाटं तुडवून वाया घालवतं. तोच कडबा बारीक कापून दिला तर बराचसा पोटात जातो. दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्याला वैरणीचं मोल सांगावं लागत नाही. यंत्र साधं होतं आणि त्याचा फायदा त्याच दिवशी गव्हाणीत दिसत होता.

मग आला लोखंडी नांगर.

लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांची मुळं खोल गेलेली असतात, तिथपर्यंत तो पोहोचत नाही. लोखंडी नांगर खोल जातो, मातीचा थर उलटा करतो आणि तणाची मुळं उन्हात आणून टाकतो. इंग्लंडमधून असे नांगर येत होते, पण ते महाग. एखादा भाग मोडला तर सुटा भाग कुठून आणायचा, हा प्रश्न वेगळाच. तसाच नांगर इथे बनवला तर?

बोलायला सोपं आहे, बनवायला नाही. नांगराच्या फाळाचं टोक टणक लागतं, नाहीतर आठवड्यात बोथट होतं. पण फार कडक झालं तर ते ठिसूळ होतं आणि दगडाला लागून तुटतं. या दोन्हींच्या मधलं ओतकाम जमवायचं म्हणजे भट्टीपुढे उभं राहून पुन्हा पुन्हा ओतून बघायचं. लक्ष्मणरावांनी ते केलं. नांगर तयार झाले.

आणि एकही विकला गेला नाही.

दोन वर्षं गिऱ्हाईक नाही

पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली.

कारण काय तर लोकांमध्ये एक समज पक्का होता. लोखंडाने जमीन नांगरली की जमिनीत विष कालवलं जातं, ती नासते. आज आपल्याला हसू येईल. पण जरा त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याच्याकडे असलेली एकमेव इस्टेट म्हणजे ती जमीन. बेळगावातला एक सायकलवाला येऊन म्हणतो, की हे घे आणि तुझं रान उलटंपालटं कर. बिघडलं तर नुकसान कोणाचं? सायकलवाल्याचं नाही. शेतकऱ्याचा नकार हा अडाणीपणा कमी आणि हिशोब जास्त होता.

शिवाय लाकडी नांगर गावातला सुतार बनवायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा, बदल्यात बलुतं घ्यायचा. रोख पैसा लागायचाच नाही. लोखंडी नांगराला रोख मोजायला लागणार आणि त्याला ओढायला बैलांच्या जास्त जोड्या लागणार. म्हणजे लढाई दुसऱ्या कंपनीच्या नांगराशी नव्हतीच. ती गावाच्या अख्ख्या जुन्या व्यवस्थेशी होती.

या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी नांगराचा नाद सोडला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. गोदामात पडलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. पण त्यांचं घर एकट्या नांगरावर चालत नव्हतं. दुरुस्ती होती, कडबा कुट्टी होती, मिळतील ती कामं होती. एका बाजूने थोडाफार पैसा येत राहिला म्हणून दुसऱ्या बाजूने वाट बघता आली. चिकाटीच्या गोष्टी सांगताना हा भाग नेहमी गाळला जातो. रिकाम्या खिशाने चिकाटी फार दिवस टिकत नाही.

शेवटी पहिला गिऱ्हाईक आला. एकाच्या रानात नांगर चालला, पुढच्या हंगामात पीक आलं आणि शेजाऱ्याने बांधावरून ते पाहिलं. जमीन नासली नाही हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं. शेतकरी जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, शेजारच्या रानावर ठेवतो. मागणी वाढायला लागली.

जागा रिकामी करा

आता कुठे बरे दिवस येत होते, तोवर नोटीस आली. बेळगावची हद्द वाढत होती आणि नव्या वस्तीसाठी नगरपालिकेला किर्लोस्करांच्या कारखान्याची जागा हवी होती. कारखाना हलवा, असा हुकूम झाला.

वय चाळीस. बायको-मुलं, कामगार, यंत्रं, भट्टी. हे सगळं घेऊन जायचं कुठे?

या वेळी एक संस्थानिक पुढे आले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. हा राजा वेगळ्याच मुशीतला. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा प्रचारक आणि पुढे आपल्या प्रजेला राज्यकारभाराचे अधिकार देऊन टाकणारा. बांधकामाच्या कामानिमित्त लक्ष्मणरावांचा औंधशी संबंध आला होता आणि राजाने त्यांचं काम पाहिलं होतं.

औंध संस्थान एकसंध नव्हतं, त्याचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले होते. कुंडल हा त्यातलाच एक तुकडा. त्याच्याजवळ रेल्वेचं स्टेशन होतं. राजाने तिथली ३२ एकर जमीन दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिलं.

जमीन म्हणजे काय, तर दगडगोट्यांचा माळ, माणसाच्या उंचीचा निवडुंग आणि त्यात साप. पण लक्ष्मणरावांनी बघितला तो रेल्वेचा रूळ. ओतकामाला कच्चं लोखंड आणि दगडी कोळसा बाहेरून आणायचा, तयार नांगर बाहेर पाठवायचे. बैलगाडीने हे जमणार नाही. रूळ दाराशी असेल तर माळ साफ करता येतो. माळ सुपीक असेल आणि रूळ नसेल तर कारखाना चालत नाही.

१० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. सोबत होते पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर निवडुंग तोडायचा, साप मारायचे, राहायला आडोसा करायचा आणि त्याच वेळी भट्टी पेटवायची. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि बाकीच्या बायका मुलाबाळांसह याच माळावर आल्या होत्या. पुरुषांनी कारखाना उभा केला असं आपण लिहितो. पण पाणी, चूल आणि पोरांची आजारपणं सांभाळून त्या माळाचं गाव बायकांनी केलं.

माणसं कुठून आणली?

आज स्टार्टअपवाले टॅलेंट मिळत नाही म्हणून रडतात. मग १९१० साली कुंडलच्या माळावर कोण येणार होतं?

लक्ष्मणरावांनी माणसं निवडताना कागद बघितले नाहीत. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळायचे. मंगेशराव रेगे हिशोब बघायचे. के. के. कुलकर्णी शिक्षणात अपयशी ठरलेले, पण पडेल ते काम करणारे, ते व्यवस्थापक झाले. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडून आलेले, त्यांच्या हातून उत्तम यंत्रं घडली. आणि रामूअण्णा? वसाहतीची आखणी आणि कारभार त्यांच्याकडे.

रात्रीच्या पहाऱ्यावर तर तुरुंगातून सुटून आलेली माणसं होती. ज्यांच्या नावाने पंचक्रोशी घाबरायची, त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी वस्तीची राखण दिली. आणि ती त्यांनी इमानाने केली.

रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ज्याची चित्रकला सुटली आणि कातडीचा रंग आडवा आला म्हणून ज्याची बढती हुकली, त्या माणसाला इतरांच्या प्रगतिपुस्तकाचं फार कौतुक नसणार, हे समजू शकतं.

वसाहतीत त्यांनी अस्पृश्यता पाळायला बंदी घातली. आज हे साधं वाटेल. पण त्या काळात गावोगाव पाणवठे वेगळे होते. नवं गाव वसवताना जुन्या गावाची ही रीत सोबत आणायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

महायुद्ध, तोफा आणि खबर

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. विलायती नांगरांची आवक आटली आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण त्याच युद्धाने लोखंड आणि कोळसाही महाग केला. गिऱ्हाईक दारात उभं आणि ओतायला लोखंड नाही, अशी वेळ.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी तेव्हा किल्ल्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा नांगरासाठी दिल्याची आठवण या भागात आजही सांगितली जाते. ज्या तोफांनी कधीकाळी लढाया केल्या, त्या वितळून शेतात गेल्या.

औंधच्या राजाने फक्त किर्लोस्करांनाच हात दिला असंही नाही. कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखानाही औंध संस्थानातच उभा राहिला. प्रभाकर कंदील बनवणारी ओगलेवाडी ती हीच. एका छोट्या संस्थानाने दोन उद्योगनगरं वसवली. नवा धंदा वाढायला अक्कल लागते तशीच जागा देणारी, थांबणारी आणि विश्वास टाकणारी सत्ताही लागते.

१९२० हे साल किर्लोस्करांसाठी महत्त्वाचं. किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. घरच्या धंद्यात आता लोकांचं भागभांडवल आलं. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट सुरू झाली, तिचं नाव किर्लोस्कर खबर.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी काढलेलं हे पत्रक. सुरुवातीचा हेतू सरळ होता, कंपनीच्या अवजारांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवायची. पण शंकररावांनी त्यात वाचायला काहीतरी द्यायला सुरुवात केली. शेती, उद्योग, समाजसुधारणा असे विषय आले आणि पत्रकाचं मासिक झालं. पुढे नुसतं किर्लोस्कर या नावाने ते मराठी घरांत पोहोचलं. १९३० मध्ये त्याला स्त्री या मासिकाची जोड मिळाली आणि १९३४ मध्ये मनोहरची.

आज कंपन्या ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात, ते नांगराच्या कारखान्याने शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय. फरक असा, की ही मासिकं विधवाविवाह, जातिभेद, अंधश्रद्धा असे विषय घ्यायची आणि त्यावर वाद व्हायचे. शेतकऱ्याच्या डोक्यातली भीती गेल्याशिवाय नांगर विकला जात नाही, हे ज्या घराने दोन वर्षं सोसलं होतं, त्या घराला विचार बदलण्याचं महत्त्व कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

एका नांगरावर थांबायचं नाही

नांगर चालला म्हणून लक्ष्मणराव नांगरापाशी थांबले नाहीत. उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली, पंप आले, इंजिनं आली. बघा, क्रम कसा आहे. नांगरलेल्या रानाला पाणी हवं म्हणून पंप. पंप फिरवायला ताकद हवी म्हणून इंजिन. गिऱ्हाईक तोच शेतकरी, त्याची पुढची अडचण हेच पुढचं उत्पादन.

मुलगा शंतनुराव अमेरिकेला एमआयटीत गेला आणि १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतला. ज्या बापाने अमेरिकेची मासिकं वाचून यंत्रं शिकली, त्याचा मुलगा ती विद्या तिथल्याच वर्गात बसून शिकून आला. नंतर मंदीचा फटका बसला. शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हातात पैसा उरला नाही. तेव्हा याच कारखान्यात लोखंडी फर्निचर बनू लागलं. शेतकरी घेऊ शकत नाही तर ऑफिसं आणि दवाखाने घेतील, असा हिशोब.

१९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला यंत्रं बनवणारी यंत्रं, म्हणजे लेथ वगैरे, बनवण्यासाठी म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक. एका माळावरून निघालेली वाट आता बऱ्याच शहरांत गेली होती.

आणि मग १९४८

गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तांवर हल्ले झाले. त्या आगीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. निवडुंग तोडून उभं केलेलं काम जळताना पाहायची वेळ आली तेव्हा लक्ष्मणराव ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

या घटनेबद्दल बोलणं आपल्याकडे टाळलं जातं, किंवा बोललं तर कोणाला तरी दोष देण्यासाठी बोललं जातं. इथे एवढंच नोंदवून ठेवूया, की ज्या कारखान्यात सगळ्या जातींचे हात राबत होते तो जळला आणि नुकसान सगळ्यांचंच झालं. पुढे तो पुन्हा उभा राहिला. आजही तिथे पंप बनतात.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

मग यातून आपण काय घ्यायचं?

अशा लेखांच्या शेवटी यशाची पाच सूत्रं देण्याची पद्धत आहे. पण लक्ष्मणरावांचं आयुष्य सूत्रात बसवलं तर त्यातला महत्त्वाचा भाग गळून पडतो.

कारण ते एकटे मोठे झाले नाहीत. शिक्षणाचा खर्च उचलणारा आणि नंतर जन्मभर सोबत राबणारा भाऊ त्यांना मिळाला. जमीन आणि कर्ज देणारा राजा मिळाला. शिकलेलं घर होतं, ज्यामुळे इंग्रजी मासिकं वाचता आली. हे सगळ्यांना मिळत नाही. तितकीच हुशारी असलेला एखादा सुताराचा किंवा लोहाराचा पोरगा त्याच काळात त्याच मुलखात असेल आणि त्याला रामूअण्णा भेटले नसतील. त्याचं नाव आज कुठल्याच स्टेशनवर नाही.

पण जे त्यांच्या हातात होतं ते त्यांनी कसं वापरलं, हे नक्की बघण्यासारखं आहे. एक दार बंद झालं तेव्हा आपल्या हातात उरलेलं कौशल्य कुठे लागू पडेल, हे त्यांनी शोधलं. धंदा करण्याआधी काम शिकले. स्वतःचा माल बनवण्याआधी दुसऱ्याचा माल विकून गिऱ्हाईक ओळखलं. माल विकला गेला नाही तेव्हा गिऱ्हाइकाला मूर्ख न म्हणता त्याची भीती जाण्याची वाट पाहिली. आणि स्वतःला हात मिळाला होता याची जाण ठेवून, ज्यांना कोणी उभं करत नव्हतं अशा माणसांना कामावर उभं केलं.

पुढच्या वेळी त्या मार्गावरून गेलात आणि गाडी किर्लोस्करवाडीला थांबली, तर एकदा खिडकीतून बाहेर बघा. जिथे ते स्टेशन आहे, तिथे एकेकाळी फक्त रूळ आणि निवडुंग होता.